टोपीच्या खालची बाजू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहायच्या असतात. मला मात्र मिळालेली जागा आज कार्यानुभवाच्या तासाला बसणाऱ्या मुलामुलींसाठी वापरायची आहे. हातपाय आणि डोळे असलेल्या मातीच्या अळंब्या, म्हणजे अळंबीच्या रूपातले प्राणी, हा माझा कामाचा विषय. त्यात हात कसा बसत जातो आणि कुठे अडतो, तेवढंच लिहितो.

सुरुवातीला सगळे एकच अळंबी करतात : लाल टोपी, पांढरे ठिपके, वर चिकटवलेले डोळे. ती युरोपातल्या चित्रांतून आपल्याकडे आली. खऱ्या लाल अळंबीचे ठिपके म्हणजे कोवळेपणी तिला वेढणाऱ्या पापुद्र्याचे फाटून उरलेले तुकडे. म्हणून ते उठावाचे असतात. हे कळलं की ठिपके रंगाने न काढता मातीनेच लावले जातात.

पण आपल्याकडे त्याहून सुंदर नमुना आहे. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात वारुळावर उगवणारी अळंबी पाहा. टोपीच्या मधोमध टोक असतं आणि देठाखाली मुळासारखा लांब भाग थेट वारुळाच्या पोटात गेलेला असतो. टोकाची टोपी म्हणजे आयतं नाक किंवा शेंडी. ते मूळ मागे वळवलं की शेपूट होते, आणि दोन पायांवर डुगडुगणाऱ्या प्राण्याला तिसरा टेकू मिळतो. रानातली अळंबी उपटू नका, ओळखल्याशिवाय तोंडात तर मुळीच घालू नका. जागेवर बसून चित्र काढा, खाली वाकून टोपीच्या आतलंही.

माती कुंभाराकडची लाल घ्या. नुसती काळी माती सुकताना फार आकसते आणि भेगाळते. शाडू हाताला छान, पण तो भाजायचा नसतो आणि सुकल्यावर ठिसूळ राहतो. शाडूत टोपीची कड 8 मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नये. नवी माती आली की तिची पट्टी करून त्यावर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा. सुकल्यावर आणि भाजल्यावर ती मोजा. किती आकसते ते त्या मातीपुरतं कायमचं कळतं.

12 सेंटिमीटरच्या प्राण्याला साधारण 400 ग्रॅम मळलेली माती लागते. टोपीसाठी त्यातला 150 ग्रॅमचा गोळा घ्या. अंगठ्याने मधे खोलवा करून चिमटीने वाटी उघडत न्या. मध्यावर जाडी 8, कडेला 5 मिलिमीटर. कागद घातलेल्या वाडग्यात ती उलटी ठेवा आणि कातड्यासारखी घट्ट होऊ द्या. देठाचं पोटही असंच पोकळ करायचं आणि तळाला भोक ठेवायचं.

आता टोपीची खालची बाजू. कारागीर किती पुढे आला, हे मी इथे पाहतो. आधी मध्यापासून कडेपर्यंत आठ रेघा, मग त्यांच्या मधे आणखी पूर्ण रेघा, आणि शेवटी फक्त कडेपासून अर्ध्यापर्यंत येणाऱ्या आखूड रेघा. या रेघा म्हणजे अळंबीच्या टोपीखालचे पातळ पडदे, आणि बऱ्याच अळंब्यांत लांब पडद्यांमधे असे आखूड पडदेही असतात. ते गाळले की टोपी छत्रीसारखी दिसते. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने दोन मिलिमीटर खोल कोरा. माती ओली असेल तर कडेला गोळे उठतात, फार सुकली असेल तर कपच्या उडतात.

डोळे टोपीवर नकोत, टोपीच्या सावलीत देठावर हवेत. अंगठ्याने खोबणी करा, 6 मिलिमीटरची गोळी बसवा, वर पापणीची बारीक पट्टी. मग टोपी थोडी पुढे कलली की प्राणी लाजतो, मागे कलली की आभाळाकडे बघतो. भाव इतका कलण्यातून येतो की तोंड बहुतेक वेळा लागतच नाही.

जोडताना दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. दोन्हीकडे ओरखडे, त्याच मातीचा दाट घोळ, आणि दाबून किंचित फिरवणं. देठ सुकलेला आणि टोपी ओली असेल, तर टोपी नंतर जास्त आकसते आणि मानेभोवती गोल चीर जाते. चीर दिसल्यावर पाणी लावणाऱ्यांची चीर परत येते, कारण ओलीतला फरक तसाच राहतो.

पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली, मग आठवडाभर सावलीत. पावसाळ्यात याच्या दुप्पट. गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे. भट्टीत फुटण्याचा दोष हवेच्या बुडबुड्याला देतात. खरी फोडते ती अडकलेल्या पाण्याची वाफ. म्हणून 100 अंशांच्या आत बराच वेळ थांबायचं आणि 573 अंशांच्या आसपास चढताना-उतरताना घाई करायची नाही, कारण तिथे मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि आकसते. लाल मातीला 950 अंश पुरतात.

भाजून आलेला प्राणी लगेच रंगवू नका. मातीत चुनखडीचे कण राहिले असतील तर भट्टीत त्यांची चुनकळी होते. ती हवेतली ओल ओढून फुगते आणि काही दिवसांनी वरची खपली उडवते. माती बारीक चाळणीतून गाळली असली तरी आठ दिवस थांबा, मगच कुंचला हातात घ्या.