आमची वाटचाल : आधी धुवायचं, मग पाना हातात घ्यायचा

2004 ला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज सुरू केलं. सुरू केलं म्हणजे काय, आण्णा ज्या लेथ शॉपमध्ये (लोखंड कातायच्या कारखान्यात) टर्नर होते तिथल्या मालकांनी शेजारचा पत्र्याचा गाळा भाड्यानं दिला, माझ्याकडं एक पान्यांचा सेट, एक जॅक आणि सील (तेल अडवणारी रबरी कडी) ठोकायला आण्णांनी स्वतः टर्न करून दिलेले दोन बुश (पोकळ लोखंडी कडी), एवढंच भांडवल. जुन्या डिझेल गाड्यांचीच कामं करायची असं काही ठरवलं नव्हतं, नव्या गाड्या आमच्याकडं येतच नव्हत्या ओ.

पहिल्याच वर्षी गगनबावड्याकडचे एक मामा जीप घेऊन आले, 1991 ची एमएम 540, प्युजो इंजिनची. खाली बेल हाउसिंगमधनं (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं कवच) ऑइल टपकत होतं. मी वाकून बघितलं आणि लगेच सांगून टाकलं, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, पैसे घेतले. आठ दिवसांत मामा परत, "पोरा, अंगणात डाग पडतोयच की रं." परत गिअरबॉक्स उतरवला, या वेळी फुकटात, आणि तरी गळती हाय तिथंच.

संध्याकाळी आण्णा चहा घेऊन आले, बघितलं आणि एवढंच विचारलं, "धुतलंस का आधी?"

नव्हतं धुतलं. मग डिझेलनं ब्रश मारून इंजिन स्वच्छ केलं, हवा मारून वाळवलं, संशयाच्या जागेवर घरातली पावडर टाकली आणि गाडी चालू ठेवून बॅटरी मारत बसलो. दहा मिनिटांत टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातनं पावडरीत एक बारीक ओली रेघ उतरली, ती ब्लॉकच्या मागनं बेल हाउसिंगवर आणि तिथनं खाली. तेल खाली आणि मागंच पळतं, त्यामुळं थेंब पडतो ती जागा बघायची नसते, सगळ्यात वरचा आणि पुढचा ओला भाग शोधायचा असतो. आणि कॉर्कचं पॅकिंग तरी का सुटलं, तर ब्रीदरचा पाइप काजळीनं चोंदलेला, आतला दाब बाहेर पडायला जागाच नाही, मग जिथं कमजोर तिथनं तेल ढकलतो. पाइप साफ केला, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट हलक्या हातानं आवळले (जास्त आवळलं की कॉर्क फाटतं), काम संपलं. दोन गिअरबॉक्सची मजुरी माझ्या खिशातनं गेली कारण पहिले पैसेही मी मामांना परत दिले.

तेव्हापासनं धुतल्याशिवाय कुठलंच काम घ्यायचं नाही असं ठरलं. गिऱ्हाईक वैतागतं, "अहो नुसतं सील तर टाकायचंय." वैतागू दे. ब्रीदर साफ असूनही ऑइलची टोपी काढल्यावर फसफस धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तिथं सील विकून उपयोग नाही, तसं तोंडावर सांगतो, चार गिऱ्हाइकं त्यात गेली पण.

इंजिनच्या पुढच्या पुलीचा प्रकार वेगळाच. वर्षानुवर्षं सीलच्या ओठानं पुलीवर खाच पाडलेली असते, नवं सील त्याच खाचेवर बसलं की महिन्यात परत गळतं. अशा पुल्यांवर आण्णा बुश ठोकून लेथवर फिनिश करून द्यायचे, हे बघून आजूबाजूची गॅरेजं पण पुल्या पाठवायला लागली आणि खरा धंदा तिथनं वाढला. शिलिकॉन (गळती बुजवायची पेस्ट) थापायची सवय मात्र आम्ही पोरांना लावू दिली नाही, आत लोंबणारा तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिन जातं.

होज पाइप (रबरी नळ्या) ठेवायला लागलो ते गळतीमुळंच. तेल ठिबकून रेडिएटरचा खालचा होज फुगायचा, दाबला की भाजलेल्या वांग्यासारखा मऊ. काहींच्या आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते, मग रेस दिली की होज आत ओढला जाऊन चपटा होतो आणि गाडी घाटातच तापते. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या) मागच्या, ब्रेकसाठीच्या व्हॅक्यूम पंपाला ऑइल देणाऱ्या बारीक पाइपची. तो फुटला की इंजिनचं तेल काही मिनिटांत रस्त्यावर. दुधाच्या एका पिकअपला कुणीतरी तिथं पाण्याचा होज कापून लावला होता, तेलानं तो फुगून क्लिपमधनं निसटला, ड्रायव्हरला ऑइलचा लाल दिवा दिसला तेव्हा बेअरिंग गेले होते. आता भिंतीवर पाण्याचे, डिझेलचे, ऑइलचे होज वेगवेगळ्या खुंट्यांवर असतात आणि खुंटी चुकवणाऱ्या पोराला त्या दिवशीचा चहा सगळ्यांना पाजावा लागतो.

2019 च्या पुरानंतर टोचन करून आणलेल्या गाड्यांची रांग लागली, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी गेलेलं. किल्ली फिरवू नका एवढंच सगळ्यांना सांगत होतो, काहींनी आधीच फिरवली होती. त्या दोन महिन्यांत मजुरी निम्मी घेतली, दोन पोरं कामाला ठेवली, त्यातल्या एकाचं आता शिरोलीत स्वतःचं गॅरेज आहे.

आण्णा आता लेथवर उभे राहत नाहीत, दुपारी येऊन खुर्चीत बसतात. मामांची जीप नातू चालवतो, दर पावसाळ्याआधी घेऊन येतो, पण मामा पण सोबत येतात आणि मी बॉनेट उघडायच्या आधी स्वतः गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून बघतात.