स्वस्त लॅपटॉप निवडताना मी आधी पडदा आणि कळा पाहते

माझ्या भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, बजेट आखूड आहे, आणि निवडायचं काम माझ्याकडे आलंय. तिच्यासाठी जे मॉडेल जवळपास ठरलं होतं तेच माझ्या एका मैत्रिणीकडे आहे. तिच्याकडून ते मागून आणलं आणि सध्या माझं रोजचं काम त्यावरच करतेय. मी मुद्रितशोधन करते. दिवसभर पडद्यावर मराठी मजकूर वाचायचा, खुणा करायच्या, अधूनमधून पानंच्या पानं टाइप करायची. रोजच्या वापराच्या लॅपटॉपची याहून चांगली परीक्षा मला तरी सुचत नाही.

कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच साचा बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने विकतात. १५.६ इंचांचा पडदा, कोअर आय३-एन३०५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, ४२ वॉट-अवरची बॅटरी, प्लास्टिकची बॉडी. कमी किमतीत कुठेतरी काटछाट झालेली असणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती ज्या भागात झालीय तो भाग पुढे बदलता येईल का, एवढंच मी विचारते. एसएसडी मोठी टाकता येते, बॅटरी थकली की नवी बसवता येते. पण प्रोसेसर मदरबोर्डला डकवलेला असतो, आणि पडदा किंवा कीबोर्ड बदलायचा म्हटलं तर खर्च ऐकूनच माणूस तो विचार सोडतो. जाहिरातीत मात्र प्रोसेसर आणि स्टोरेज सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं, पडद्याबद्दल जेमतेम अर्धी ओळ.

म्हणून पडद्यापासून सुरुवात. अगदी स्वस्त मॉडेलांत अजूनही १३६६ × ७६८ पिक्सेलचा पडदा मिळतो. १५.६ इंचांवर तेवढे पिक्सेल पसरले की एका इंचात साधारण १०० येतात. १९२० × १०८० असेल तर १४१. इंग्रजी मजकुराला हा फरक एक वेळ चालून जातो, देवनागरीला चालत नाही. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी किती काय काय असतं! रफार आणि मात्रा शेजारी आल्या, त्यावर अनुस्वार आला, की कमी पिक्सेलच्या पडद्यावर त्यांचा एक करडा ठिपका होतो. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपचा पडदा १९२० × १०८० आहे आणि त्यावर ‘सर्वांत’मधला रफार आणि अनुस्वार नेहमीच्या आकारात वेगवेगळे दिसतात. माझ्यासाठी हा भाग इथेच उत्तीर्ण झाला.

दुसरी गोष्ट पॅनेलचा प्रकार. आयपीएस की टीएन हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसेल तर झाकण हळूहळू मागे-पुढे करून पाहा. टीएन असेल तर खालून बघताना रंग काळवंडतात, उलटेसुद्धा होतात, आणि झाकणाचा एकच कोन पकडून बसावं लागतं. या लॅपटॉपला आयपीएस आहे, त्यात असं होत नाही. उजेड मात्र २५० निट्सचाच. घरात पुरतो, खिडकीकडे पाठ करून बसलं की आपलंच प्रतिबिंब वाचावं लागतं. पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप म्हणून ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसलं तर रंग फिके असणार हे धरून चालायचं. एसआरजीबी या संगणकाच्या नेहमीच्या रंगमापात ते जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास भरतं. लाल रंग विटकरी दिसतो. मजकूर, हिशोब, व्याख्यानं यांना काही अडत नाही. फोटो छापायला देणाऱ्याने हा पडदा प्रमाण मानू नये.

आता कीबोर्ड. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे मराठीत लिहिणाऱ्यांना सोडून कुणाच्या लक्षात येत नाही. १५.६ इंची स्वस्त लॅपटॉपांत उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच कोंबलेला असतो. जागा तेवढीच, त्यामुळे मूळ कीबोर्डच्या उजव्या कडेच्या कळा अरुंद होतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण तिथे कंस, अर्धविराम आणि अवतरणचिन्हं असतात. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, मात्र त्याच कळांवर ‘च’, ‘ट’ आणि ‘ड’ आहेत, तिरक्या रेघेवर ‘य’ आहे, आणि ‘ऑफिस’मधला ‘ऑ’ त्याच टोकाला आहे. ‘आहे’ लिहिताना काही वाटत नाही. ‘चटचट’ लिहून पाहा. या लॅपटॉपवर माझं बोट ‘ट’ऐवजी शेजारच्या एंटरवर जातं आणि वाक्य मधूनच तुटतं. शिवाय आकड्यांच्या संचामुळे अक्षरांचा भाग पडद्याच्या मध्यापासून डावीकडे सरकतो, आणि दिवसभर अंग किंचित वळवून बसावं लागतं. संध्याकाळी खांदा सांगतो. ज्यांना सतत आकडे भरायचे असतात त्यांना तो संच हवाच, बाकीच्यांना मी १४ इंची मॉडेल सुचवते. त्यात कळा पूर्ण रुंदीच्या मिळण्याची शक्यता जास्त, वजनही कमी.

कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबून पाहिलं तर पत्रा दबतो का, हेही बघा. इथे थोडा दबतो. झाकण एका हाताने, एका कोपऱ्याला धरून उघडलं तर फ्रेम पिळवटते. बिजागरी ज्या स्क्रूंवर उभी असते ते प्लास्टिकमध्ये बसवलेले असतील तर रोजच्या अशा उघडझापीने तिथलंच प्लास्टिक फुटतं. झाकण मधोमध धरून उघडायची सवय लावून घेतली तर या वर्गातल्या लॅपटॉपचं आयुष्य खरंच वाढतं.

रॅमबद्दल माझं मत ठाम आहे. ८ जीबी आज चालते, पण ती कायमची ८ जीबीच राहणार असेल तर विचार करा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, म्हणून ४ जीबीचे लॅपटॉप विकले जातात. त्यावर ब्राउझर आणि एक व्हिडिओ कॉल एकत्र उघडला की यंत्र धापा टाकतं. ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसल्याने तीही रॅममधूनच जाते. या लॅपटॉपवर ब्राउझरचे पाच-सात टॅब, एक पीडीएफ आणि शब्दकोश उघडा ठेवला की ८ जीबीतली बहुतेक भरलेली दिसते. अजून अडखळत नाही, पण हातात काही शिल्लक उरत नाही. कॉलेजची वर्षं जाईपर्यंत ब्राउझर आणि विंडोज हलके होणार नाहीत.

रॅम वाढवता येईल का हे पाहायची सोपी जागा टास्क मॅनेजरमध्ये आहे. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की ‘फॉर्म फॅक्टर’ दिसतो. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची काडी काढ-घाल करता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिप्स बोर्डलाच जोडलेल्या. मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये दुसरा प्रकार निघाला. दुकानात लावलेल्या नमुन्यावर हे अर्ध्या मिनिटात बघून होतं.

प्रोसेसरच्या नावांनी फार गोंधळ घातलाय. आय३-एन३०५ आणि आय३-१२१५यू, दोन्ही इंटेलचे ‘आय३’. पहिल्यात आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, पण सगळे कमी वीज खाणारे, साध्या ताकदीचे. दुसऱ्यात सहाच कोअर, त्यातले दोन दमदार, आणि रोजच्या कामात पान उघडणं, फाइल उघडणं या दोघांमुळेच चटकन होतं. आठ आकडा बघून पहिला निवडणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, एएमडीकडेही तेच: रायझन ५ ७५२०यू मध्ये चार कोअर जुन्या झेन २ बांधणीचे, रायझन ५ ७५३०यू मध्ये सहा कोअर त्यापुढच्या झेन ३ चे. नावात फरक एका आकड्याचा. रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक बांधणीची पिढी सांगतो, तेवढा लक्षात ठेवला तरी पुरे. एन३०५ ने माझी अडवणूक केली नाही, हेही नोंदवते. लिहिणं, वाचणं, व्हिडिओ, व्याख्यानं यांना तो भरपूर आहे. त्याहून खालच्या, दोनच कोअरच्या जुन्या सेलेरॉनला, उदाहरणार्थ एन४०२० ला, मी आता कुणासाठीही हो म्हणणार नाही.

स्टोरेजमध्ये एकच गोष्ट बघा: ईएमएमसी नको, एसएसडी हवी. ईएमएमसी, म्हणजे स्वस्त यंत्रांतली साठवणीची चिप, मंद असते आणि बोर्डलाच चिकटलेली असते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते तेव्हा घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे, काही चोरीला गेलेलं नाही.

बॅटरीसाठी ‘१० तास’ वगैरे दावे बाजूला ठेवून वॉट-अवर बघा. हलक्या कामात असा लॅपटॉप साधारण ७ वॉट घेतो. ४२ ला ७ ने भागलं की सहा तास. माझ्या कामात तेवढेच मिळाले, व्हिडिओ कॉल असले की कमी. चार्जर कायम लावूनच काम होणार असेल तर सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का शोधा. बॅटरी सतत भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते. आणि टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून त्यातून चार्जिंग होईलच असं नाही, ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलेलं हवं. इथे ते नाही, बारीक गोल पिनचा चार्जरच सोबत न्यावा लागतो.

कॅमेरा ७२०पी आहे, चेहरा ओळखू येतो. स्पीकर खाली तोंड करून आहेत, मांडीवर ठेवला की आवाज दबतो. वाय-फायची कुरकूर नाही.

तर भाचीसाठी काय? तिला मराठीत निबंध, प्रकल्प लिहायचेत आणि तिने इनस्क्रिप्ट शिकायला सुरुवात केलीय, त्यामुळे हे मॉडेल मी तिला घेऊ देणार नाही. पडदा चांगला असूनही कळा आणि जखडलेली रॅम आड येतात. तेवढ्याच पैशांत मी तिला दोन रस्ते सुचवलेत. एक, १४ इंची, आय३-१२१५यू आणि रॅमचा निदान एक मोकळा स्लॉट असलेलं मॉडेल, ८ जीबीसह. पुढच्या वर्षी काडी वाढवता येईल. दुसरा, कार्यालयीन वापरातून निघालेला नीट दुरुस्त केलेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड. त्यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या वेगळ्याच दर्जाच्या असतात. मात्र इंटेल असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचाच हवा. त्याआधीचे, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती उरलीय हे विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसतं: मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेवून बघायची. ती ६० टक्क्यांवर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करायची.

भाची दुसऱ्या रस्त्याकडे झुकतेय. रविवारी आम्ही दोघी बघायला जाणार आहोत, आणि तिला मी सांगून ठेवलंय की आधी नोटपॅड उघडून इनस्क्रिप्टमध्ये एक परिच्छेद लिहायचा, बाकी सगळं नंतर.