डीजे शिकायचंय? आधी पुढचं गाणं कानात ऐका

लग्नाचा सीझन जवळ आला की मेसेज सुरू होतात. "भाऊ, डीजे शिकायचंय, कोणता कन्सोल घेऊ?" आणि खाली एखाद्या चार चॅनलच्या, मधोमध स्क्रीन असलेल्या भल्यामोठ्या मशीनचा फोटो, "हा घेऊन टाकू का?" पोट्टे मनापासून विचारतात, आता पोरीही विचारून राहिल्या आणि मला त्याचा फार आनंद आहे, म्हणून एकदाचं सगळं इथे सविस्तर लिहून टाकतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पहिल्या मशीनकडून एकच गोष्ट मागायची. पुढचं गाणं तुम्हाला हेडफोनमध्ये ऐकू आलं पाहिजे आणि समोर नाचणाऱ्यांना ते ऐकू जायला नको. बाहेर स्पीकरवर एक गाणं चालू आहे, कानात दुसरं, आणि कानातलं गाणं तुम्ही बाहेरच्या लयीत बसवून मगच फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर घेता. याला क्यू म्हणतात. बाकी लाइट, पॅड, स्क्रीन, इफेक्ट सगळं यानंतर.

ही कल्पना काही आजची नाही. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल (तबकडी वाजवायची मशीन) १९७२ मध्ये आला, १९७९ च्या एमके२ मॉडेलवर वेग कमी-जास्त करायची लांब पट्टी आली, आणि दोन टर्नटेबल, मधे एक मिक्सर, मानेत हेडफोन हे डीजेचं चित्र तिथून पक्कं झालं. आज मिळणाऱ्या छोट्या कंट्रोलरवर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी वाजवायच्या मशीनवर, उजव्या बाजूला जी लांब टेम्पोची (वेगाची) पट्टी दिसते ना, ती तीच. म्हणजे लहान मशीन घेतली म्हणून तुम्ही खोटंखोटं काही शिकून नाही राहिले.

तर घ्यायचं काय? दोन चॅनलचा, म्हणजे एकावेळी दोन गाणी हाताळणारा कंट्रोलर, ज्याच्या आत स्वतःचं साउंडकार्ड आहे, म्हणजे स्पीकरला आणि हेडफोनला वेगवेगळा आवाज देणारा भाग. हे साउंडकार्डवालं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण स्वस्तातल्या आणि जुन्या काही मशीनमध्ये ते नसतं, मग लॅपटॉपमधून एकच आवाज बाहेर येतो आणि क्यू करायची सोयच राहत नाही. मशीनच्या मागे लाल-पांढरे आरसीए सॉकेट आणि समोर किंवा बाजूला हेडफोनचं सॉकेट, दोन्ही दिसले तर समजा साउंडकार्ड आहे. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा सध्या मी बहुतेकांना सांगतो. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतो, यूएसबीवरच पॉवर घेतो, आणि बटणांची मांडणी क्लबमधल्या मोठ्या सीडीजे प्लेअरच्या सेटसारखीच असल्याने उद्या एखाद्या क्लबमध्ये सीडीजे-३००० समोर उभं राहिलात तर हात चाचपडत नाही. त्याच्या आधीचा डीडीजे-४०० सेकंडहँड चांगल्या अवस्थेत मिळाला तर बिनधास्त घ्या. हर्क्युलिसचा इनपल्स ३०० पण शिकायला छान आहे, त्यात वेग कमी करा की वाढवा हे बाणाचे लाइट लागून दाखवतात. त्याहून बजेट कमी असेल तर न्यूमार्कचा पार्टी मिक्स. चार चॅनल सध्या नको, दोन चॅनलवर दोन हात आणि दोन कान पुरते गुंतलेले असतात.

सेकंडहँड घेताना आपला लॅपटॉप आणि हेडफोन सोबत घेऊन जा. गाणं चालू ठेवून प्रत्येक फेडर अगदी सावकाश वर-खाली करा, खरखर आली तर तो घासला गेलाय. जॉग व्हील (वरची मोठी गोल चकती) फिरवून सोडा, प्ले आणि क्यूचं बटण भराभर दाबून बघा, आणि यूएसबीची पिन थोडी हलवा. पिन हलवल्यावर कनेक्शन तुटत असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

लॅपटॉप नवा घ्यायची गरज नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर भागते. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशिरा येऊ न देणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका, पॉवर सेव्हिंग बंद, वाजवताना वायफाय बंद. सॉफ्टवेअर मशीनसोबत मिळतं ते पुरे, आणि मशीन घ्यायच्या आधीच हात लावून बघायचा असेल तर मिक्स (स्पेलिंग Mixxx) नावाचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. कीबोर्डवर थोडे दिवस खेळा, आवड खरंच आहे का ते कळते.

हेडफोनवर मात्र हात आखडता घेऊ नका. कान पूर्ण झाकणारा, क्लोज्ड बॅक (बाहेरून बंद), वायरवाला. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ठेका जुळवताना तो उशीरच घात करतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स किंवा पायोनियरचा एचडीजे-एक्स५, दोन्ही चालतील. घरच्या सरावाला स्पीकर कोणतेही चालतील, फक्त ते वायरने जोडा. केबल-पिना नागपुरात बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळून जातात, दुकानदाराला नावानिशी मागा: आरसीए, पी-३८ (मोठी जाड पिन), स्टिरिओ ईपी (फोनच्या हेडफोनची बारीक पिन), कॅनन (तीन पिनांची एक्सएलआर). ही नावं पाठ असली की लॉनवर साउंडवाला दादा काय मागून राहिला हे पण समजते.

आता शिकण्याचं. इथे मला मनापासून जास्त लिहायचंय, कारण मशीन घेऊन झाल्यावर लोक व्हिडिओ बघत बसतात आणि ठेका मोजणं राहून जाते.

एकाच जातीची दोन गाणी घ्या, समजा हाउसची (क्लबमध्ये वाजणारं एकसारख्या ठेक्याचं संगीत), दोन्ही १२० ते १२६ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) मधली. वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण बंद. पहिलं गाणं स्पीकरवर लावा आणि एक-दोन-तीन-चार मोजत बसा. चार मात्रांचा एक बार, आणि अशा आठ बारनंतर, म्हणजे ३२ मात्रांनी, गाण्यात काहीतरी बदलते, बेस येतो, टाळी येते नाहीतर आवाज रिकामा होतो. हे वळण ओळखू यायला लागलं की अर्धं काम झालं. मग दुसरं गाणं कानात घ्या. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान मोकळा. दुसऱ्या गाण्याची पहिली किक (ड्रमचा जाड ठोका) जिथे पडते तिथे क्यूच्या बटणाने खूण लावा, आणि बाहेरच्या गाण्याचा नवा ३२ चा फेरा जिथे सुरू होते तिथे प्ले दाबा. सुरुवातीचे काही क्षण दोन्ही किक एकावर एक पडतील, मग हळूहळू सरकायला लागतील, धड-धड असा दुहेरी आवाज येईल. कानातलं गाणं पुढे पळून राहिलं की मागे पडून राहिलं हे ओळखायला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो. पुढे पळत असेल तर जॉगच्या कडेला बोट लावून किंचित अडवा आणि टेम्पोची पट्टी केसभर कमी करा. परत ऐका. दोन किक मिळून एकच घट्ट ठोका ऐकू यायला लागला की अंगावर काटा येतो.

मग फेडर वर घेताना नव्या गाण्याचा लो (बेसचं बटण) पूर्ण कमी ठेवा. दोन्ही गाण्यांचे बेस एकत्र वाजले की सगळा गढूळ आवाज होतो. ३२ च्या वळणावर एका हाताने जुन्याचा लो खाली, दुसऱ्या हाताने नव्याचा लो वर. आणि लेव्हलचा लाल लाइट लागू देऊ नका, आवाज वाढवायचा असेल तर तो ॲम्पवर वाढतो, मिक्सर लालमध्ये गेला की आवाज फाटतो आणि स्पीकरचंही नुकसान होते.

हे झालं हाउसचं. आता आपल्याकडच्या गाण्यांकडे या, कारण नागपुरात तुमच्याकडून हळदीला, बारशाला, गॅदरिंगला कोणी तासभर हाउस मागणार नाही.

जुनी मराठी-हिंदी गाणी माणसांनी बसून वाजवलेली आहेत. ढोलकीवाला कडव्यात थोडा रंगात येतो, वेग चढतो, धृपदावर परत सैल होते. सॉफ्टवेअर त्याच्यावर ठोक्यांच्या खुणांची एकसारखी ग्रिड टाकायला जाते आणि मधेच चुकते. अशा गाण्यावर सिंक दाबलं तर मशीन शांतपणे चुकीच्या ठेक्यावर नेऊन ठेवते. कान तयार करायचा आग्रह मी एवढा का धरतो त्याचं कारण हेच आहे. सिंक वाईट नाही, मी पार्टीत वापरतो, पण आज ते बरोबर आहे का हे सांगणारा कान पाहिजे. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर कधीकधी ८५ चं गाणं १७० दाखवते, ते हाताने अर्धं करून ठेवा.

तालाचं गणित पण बघा. केरवा आठ मात्रांचा, तो चारच्या हिशोबात आरामात बसतो, त्यामुळे केरव्यातलं गाणं क्लबच्या बीटखाली घालता येते. दादरा सहाचा. बरीच कोळीगीतं, गरब्याची कितीतरी गाणी या झुलत्या सहाच्या चालीत असतात, त्यांना चारच्या गाण्यावर मिक्स करायला गेलात तर कितीही पट्टी हलवा, जुळणार नाही. तिथे मिक्स करूच नका. जुन्या गाण्याचं धृपद संपत आलं की त्याला एको लावून सोडून द्या आणि नवीन गाणं थेट समेवर (पहिल्या मात्रेवर) टाका. सम बरोबर पडली तर लोकांचा पाय थांबत नाही, उलट ओरडा मिळतो. आणि वेग बदलणारं गाणं बाहेर काढायचं असेल तर शेवटच्या म्युझिकमध्ये चार मात्रांचा लूप (तोच तुकडा परत परत) पकडा, लूपचा वेग स्थिर असतो, त्याच्यावर पुढचं गाणं निवांत जुळवता येते. प्रत्येक गाण्याला चार हॉट क्यू (बटण दाबताच थेट पोचायच्या खुणा) लावून ठेवायची सवय लावा: पहिली सम, धृपद, कडव्याआधीचं म्युझिक, बाहेर पडायची जागा.

१३ एप्रिलच्या रात्री, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, संविधान चौकात जाऊन उभे राहा, गणपतीत महाल भागातल्या मिरवणुका बघा. तिथे वाजवणारे कुठलं गाणं कुठे तोडतात, लोकांना कुठे गाऊ देतात, किती सेकंद आवाज बंद ठेवतात हे बघण्यासारखं असतं. भीमगीतांवर अख्खा चौक एका आवाजात गातो तेव्हा फेडर खाली घेऊन लोकांना गाऊ देणं यातच वाजवणाऱ्याचं कसब असते. मी ते बघून खूप शिकलोय.

गाण्यांच्या फाइलबद्दल थोडक्यात. ३२० केबीपीएस एमपीथ्री किंवा वेव्ह. व्हिडिओवरून ओढलेलं गाणं फोनवर बरं वाटते, मोठ्या टॉपवर (वरच्या स्पीकरवर) त्याच्या झांजा कानाला बोचतात. गाण्यांच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं ही खरी फाइल नसते, ते डीजे सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, त्यामुळे गाणी विकत घेऊन ठेवा, महिन्याला थोडी थोडी. दोनशे गाणी तोंडपाठ असलेला माणूस वीस हजार गाण्यांची हार्डडिस्क घेऊन फिरणाऱ्यापेक्षा चांगला वाजवतो, हे मी कितीदा बघितलंय.

आपल्या गावचं ऊन विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जाते आणि हळदी तर दुपारीच असते. लॅपटॉप कापडावर किंवा थेट उन्हात ठेवू नका, खालून हवा जाईल असा स्टँड घ्या, वर सावली मागा, छोटा पंखा मागा. गरम झाला की तो आधी हळू होते आणि मग आवाज तुटायला लागते. जनरेटरच्या लाइनवर स्पाइक गार्ड लावा. चार्जर लावला की स्पीकरमधून घरघर ऐकू येत असेल तर तो अर्थिंगचा प्रॉब्लेम, साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (मधे लावायची, घरघर तोडणारी डबी) मागा. तसंही बहुतेक लहान कंट्रोलरला आरसीएच असतं, आरसीएची केबल लांब ओढली की घरघर वाढते, म्हणून ती छोटी ठेवा आणि पुढची लांबी कॅननवर जाऊ द्या.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, राज्य सरकार वर्षातले काही ठराविक दिवस रात्री १२ पर्यंत सूट देते तेवढीच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. घरी सराव हेडफोनवर करा, शेजारच्या काकू बोर्डाचे पेपर तपासून राहिल्या असतील किंवा कोणाचं लेकरू झोपलं असेल.

आणि कान जपा, हे अगदी कळकळीने सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास चालून जातात, पण दर ३ डेसिबलला ती वेळ अर्धी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. लॉनवरच्या बेसच्या भिंतीसमोर आवाज त्याहून वर असतो. इअरप्लग काही महाग नसतात, पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवून घ्या. घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी हेडफोन बंद.

पहिला कार्यक्रम घरचाच घ्या, मामेबहिणीची हळद, मित्राचा वाढदिवस, जिथे तुम्हाला आधीच माहीत आहे की आत्याला कोणतं गाणं लागतं आणि काका कशावर उठतात. लॅपटॉप बंद पडला तर म्हणून तासाभराचा आपलाच रेकॉर्ड केलेला मिक्स पेनड्राइव्हमध्ये आणि फोनमध्ये दोन्हीकडे ठेवा, आणि फोन मिक्सरला जोडायची ईपी-टू-आरसीए केबल बॅगेत टाका. बजेट विचारायचं असेल तर मेसेजमध्ये लॅपटॉपचं मॉडेल आणि तुम्हाला कुठे वाजवायचंय तेवढं आधी लिहा, म्हणजे मला नीट सांगता येईल.