चिपळूण ते ठाणे, डिकीत दुनळी

ही बंदूक मी पहिल्यांदा नेली ती चादरीत गुंडाळून, रिक्षातून. २०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. तेरावं उरकलं आणि चुलतभाऊ हळूच म्हणाला, "दादा, माळ्यावरच्या बंदुकीचं काय?" बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची दुनळी होती. माकडं आली की हवेत एखादा बार काढायचा, एवढंच तिचं काम. परवाना त्यांच्या नावावर, म्हणजे ते गेल्यावर घरात तिला ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही, ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते, इतकं मला ऐकून माहीत होतं. मग काय, गुंडाळली आणि नेली. ठाणे अंमलदारांनी आधी चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, फोन केला असतात तर आम्हीच आलो असतो. वाटेत कुणी अडवलं असतं तर काय दाखवणार होतात, मृत्यूचा दाखला?"

पावती घेऊन मी ठाण्याला घरी परतलो. तीच दुनळी दोन वर्षांनी रीतसर घरी आणली, त्याची ही हकीकत.

कागदांचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. मी मानपाड्याला राहतो, म्हणून माझा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे. शहापूर-मुरबाडचा असतो तर जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलो असतो. वारसा हक्काने परवाना मागायचा तर बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. आईने लगेच सही केली. बहीण म्हणाली, "बंदूक तुला, पण मग हापूसच्या पेट्या मला." प्रतिज्ञापत्रात हे लिहिलं नाही, पण पाळतोय. चारित्र्य पडताळणी झाली, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र झालं, बंदूक कुठे ठेवणार म्हणून घरातलं कुलपाचं लोखंडी कपाट दाखवून झालं. एका टेबलावर फाईल पाच महिने नुसती बसून होती आणि का बसली होती ते कुणीच सांगितलं नाही. मध्येच कळलं की मूळ परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. बाबा शहात्तरचे होते. त्यांची एक सही मिळाली असती तर निम्मे खेटे वाचले असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये परवाना हातात आला. युनिक आयडी नंबर, पाच वर्षांची मुदत, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, क्षेत्र : महाराष्ट्र राज्य. ही ओळ आधी वाचायची. तिथे नुसता जिल्हा लिहिला असता तर चिपळूणहून निघून रायगडात शिरल्यावर माझा परवाना कामाचा राहिला नसता. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, तेही त्यातच असतं. परवान्याची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मग बंदूक कितीही कायदेशीर असो.

मी लगेच निघणार होतो. स्थानिक ठाण्यातल्या एका हवालदारांनी थांबवलं. "आचारसंहिता लागेल आता. आज आणाल, उद्या आम्ही जमा करायला सांगू. निकाल लागू दे." १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, तेव्हा मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

डिसेंबर उजाडला आणि प्रश्न आला गाडीचा. माझी वॅगनआर सीएनजीवर आहे आणि डिकीत सिलेंडर. ठाण्यात ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुनळीचे भाग सुटे केले तरी नळीच अडीच फुटांची, ती सिलेंडरच्या वर तिरकी कोंबायची की मागच्या सीटवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची? शिवाय गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात. पंपावर मी बाहेर आणि बंदूक गाडीत, किंवा मी बाहेर आणि बंदूक खांद्यावर, यातलं काहीच मला नको होतं. मेहुण्याकडे पेट्रोलची गाडी आहे, मोकळ्या डिकीची. गाडी मागितली तर मालकही आला.

"भावोजी, जाता-येता गुहागरला मासे खाऊ."

"जाताना खा. येताना पाणीसुद्धा मोजून."

जायच्या आधी तीन गोष्टी घेतल्या. बंदुकीसाठी कुलपाची कडक पेटी, काडतुसांसाठी वेगळा, छोटा, कुलपाचा लोखंडी डबा, आणि कागदांची फाईल : मूळ परवाना, जमा पावती, बंदूक माझ्या ताब्यात द्यावी असं पत्र, आधार. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबलो नाही. पेटी घेताना दुकानदाराने एक छान, हिरवी, लष्करी छापाची गवसणीही दाखवली. मेहुण्याला फार आवडली. मी नको म्हटलं. लांबूनच बंदूक वाटेल अशी गवसणी कशाला? माझी पेटी बघून आत की-बोर्ड आहे असंच वाटतं, आणि ते बरं आहे.

कामांचा क्रमही ठरवून ठेवला होता. आधी गावचं घर, मग पेट्रोल, आणि पोलीस ठाणं सगळ्यात शेवटी, म्हणजे बंदूक ताब्यात आली की गाडीचं तोंड सरळ ठाणे शहराकडे. गावात काकूने तांदळाचं पोतं आणि पंचवीस-तीस नारळ डिकीत भरले. नाही म्हणायची सोय नव्हती.

पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकुनाने रजिस्टर काढलं आणि दोन तास तिथेच गेले. नळीवर कोरलेल्या आकड्यात ९ होता आणि रजिस्टरात १. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत देवनागरी ९ चं पोट भरायचं विसरलं होतं. परवान्यावर बरोबर, बंदुकीवर बरोबर, फक्त रजिस्टर चूक, पण त्या रजिस्टराशिवाय बंदूक हलणार नाही. साहेब बंदोबस्तावर. साहेब आले, बाबांचा जुना परवाना लावून पाहिला, दुरुस्तीवर सही केली. आधी चिडलो होतो. मग वाटलं, हाच ९ उद्या नाकाबंदीत कुणी १ वाचला असता तर?

काडतुसं अकरा होती. बाबांची जुनी, 'शक्तिमान', बुडाशी 'केएफ' शिक्का, म्हणजे खडकीच्या कारखान्याची. खडकीचं इंग्रजांनी किर्की केलं, तो के अजून तिथे आहे. त्यातली सहा कोकणच्या दमट हवेने फुगली होती. फुगलेलं काडतूस नळीत अडकतं, आणि दगा द्यायचं तर नेमकं भलत्या वेळी देतं. ती मी घेतलीच नाहीत, नष्ट करण्यासाठी अर्ज देऊन तिथेच सोडली. पावतीवर लिहून घेतलं, 'पाच जिवंत काडतुसे'.

मग हवालदारांसमोर बंदूक मधून उघडून काडतुसांची दोन्ही घरं बघितली. डोळ्यांनी बघितली आणि बोट घालूनही बघितली. दोन वर्षं कुलपात पडलेली बंदूक भरलेली कशी असेल, असं मेहुणा म्हणाला. हवालदार म्हणाले, "चुकून सुटते ना, ती सगळी रिकामीच असते." नळी आणि दस्ता वेगळा केला, पेटी बंद, कुलूप. काडतुसांचा डबा वेगळा, त्याची किल्ली माझ्या खिशात.

बाहेर येऊन डिकी उघडली तर पोतं आणि नारळ. मेहुण्याने पेटी खाली सरकवून वर पोतं टाकायचा बेत केला, "कुणाला दिसणारही नाही." हवालदार हसायला लागले. "आणि रस्त्यात तपासणी झाली तर नारळ उतरवत बसणार? बघणाऱ्याला वाटेल लपवूनच नेताय." मुद्दा पटला. झाकलेली असणं वेगळं आणि लपवलेली असणं वेगळं. नारळ मागच्या सीटवर गेले, पोतं पायाशी, आणि डिकीत पेटी एकटी, डबा दुसऱ्या कोपऱ्यात. निघताना ते म्हणाले, "वाटेत पाणी कमी प्या."

तेव्हा ती थट्टा वाटली. परशुराम घाट, लोटे, खेड, कशेडीचा बोगदा, सगळं ठीक चाललं होतं. महाड सोडलं आणि मला कळलं की या प्रवासातला खरा प्रश्न कायद्याचा नाही, लघवीचा आहे. गाडी सोडून जायचं नाही हे मी घरून ठरवून आलो होतो. बंदूक चोरीला गेली तर तक्रार द्यायला जाणाराच आधी जबाब देत बसतो. परवाना माझा, त्यामुळे मेहुण्याला बंदुकीसकट गाडीत बसवून ठेवणंही मनाला पटेना. पेटी घेऊन पंपाच्या स्वच्छतागृहात जायचं म्हणजे तमाशा. शेवटी गाडी अगदी दारासमोर लावली, लॉक केली, किल्ली मी घेतली आणि मेहुण्याला बाहेर उभं केलं. दीड मिनिट. काच फुटली तर तो काय करणार होता, हे त्याने मला आणि मी त्याला विचारलं नाही. जेवणही असंच झालं, माणगावच्या ठरलेल्या कोंडीत, गाडीतच बसून काकूच्या भाकऱ्या. मेहुण्याने एरवी वाटेत एखादी बिअर सुचवली असती. त्या दिवशी त्याने सुचवली नाही, याचं मला कौतुक वाटलं. पेटीचा फोटो मात्र त्याला कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा होता. तो थांबवला. डिकीत काय आहे आणि आम्ही कुठे आहोत, हे चाळीस नातेवाईकांना कळायची गरज नव्हती.

पनवेलनंतर ठाणे-बेलापूर रोड. ऐरोलीच्या पुढे रात्री साडेनऊला नाकाबंदी. मेहुण्याचे हात घामेजले. मी घरून पाठ करून आलो होतो : आतला दिवा लाव, काच खाली, हात स्टिअरिंगवर, कशाच्याही मागे हात घालायचा नाही. तरुण शिपाई टॉर्च घेऊन आला. डिकी उघडा म्हणायच्या आत मीच म्हटलं, "साहेब, डिकीत परवान्याची बंदूक आहे, रिकामी, पेटीत बंद. परवाना माझ्याकडे आहे. खाली उतरू का?"

तो एक पाऊल मागे गेला आणि त्याने अधिकाऱ्यांना हाक मारली. त्यांनी परवाना दिव्याखाली धरला. क्षेत्र बघितलं, मुदत बघितली, मग पेटी उघडायला सांगितली. आकडा जुळवताना त्यांचं बोट त्या ९ वर थांबलं. माझा श्वासही थांबला. डबा उघडून काडतुसं मोजली, पाच. "वेगळी ठेवलीत, बरं केलंत. कुठून येताय?" पावती दाखवली. सगळं दहा मिनिटांत झालं. जाताना त्यांनी मागच्या सीटवर टॉर्च मारला आणि विचारलं, "नारळ चिपळूणचे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक ठाण्यात बंदूक दाखवून नोंद केली आणि ती कपाटात गेली. तेव्हापासून तिथेच आहे, काडतुसं दुसऱ्या खोलीत. बायको विचारते, ठेवलीच कशाला? मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही.

जानेवारी २०२६ ची महापालिकेची निवडणूक लागली आणि पोलीस ठाण्यातून फोन आला, शस्त्र जमा करा. घरापासून दीड किलोमीटर. माझ्या डिकीत सिलेंडर आहेच. मेहुण्याला फोन केला.

"आणतो गाडी," तो म्हणाला. "या वेळी नारळ नाहीत ना?"