एफफ्लश केले, पण डिस्कवर पोहोचले का?

सी भाषेतील प्रिंटएफ (printf, मजकूर छापणारे फंक्शन) या फंक्शनचा मजकूर टर्मिनलवर ओळ संपताच दिसतो. मात्र तेच आउटपुट लॉग फाइलकडे वळवले, की लिनक्सवर बहुधा ४०९६ बाइटचा बफर (प्रोग्रामच्या मेमरीतील तात्पुरता साठा) भरेपर्यंत फाइल रिकामीच राहते. त्यामुळे प्रोग्राम मध्येच कोसळला, तर ज्या शेवटच्या ओळींवरून कारण कळले असते, नेमक्या त्याच गायब होतात.

एफफ्लश (fflush, बफरमधील मजकूर लगेच पुढे ढकलणारे फंक्शन) केल्यावर मजकूर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्वाधीन होतो आणि प्रोग्राम बंद पडला तरी टिकतो; वीज गेली तरीही टिकावा, असे वाटत असेल तर एफसिंक (fsync, मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर लिहायला लावणारी हाक) लागते. साध्या लॉगसाठी ओळीगणिक एफसिंक करणे मला अनाठायी वाटते (पैशांच्या नोंदींची गोष्ट वेगळी), कारण दर वेळी डिस्कची वाट पाहावी लागते.

एकाच फाइलमध्ये लिहून लगेच वाचायचे असल्यास मध्ये एफफ्लश किंवा एफसीक (fseek, फाइलमधील जागा बदलणारे फंक्शन) करणे सी मानकानुसार बंधनकारकच आहे.