पगारवाढीचा आकडा अप्रेझलच्या बैठकीआधीच ठरलेला असतो

मोठ्या कंपनीत अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाच्या बैठकीला तुम्ही बसता, तोवर तुमचं रेटिंग (कामाला दिलेली श्रेणी) बहुतेक वेळा पक्कं झालेलं असतं आणि वाढीची टक्केवारीही सिस्टिममध्ये चढलेली असते. तिथे कितीही वाद घातला तरी आकडा हलत नाही, कारण तो हलवणं तेव्हा मॅनेजरच्या हातात उरलेलंच नसतं. दरवर्षी कितीतरी मेहनती माणसं आपली बाजू मांडतात ती वेळ टळून गेल्यावर. याची फार हळहळ वाटते, म्हणून ही सगळी प्रक्रिया आतून कशी चालते ते नीट लिहितो आहे.

सुरुवात पैशांपासून होते, कामापासून नाही. वर्षाच्या पगारवाढीसाठी किती रक्कम द्यायची हे फायनान्स आणि एचआर काही महिने आधी ठरवतात. ती एकूण पगारखर्चाच्या टक्केवारीत असते आणि विभागांमधून झिरपत टीमपर्यंत येते. समजा टीममध्ये 8 जण आहेत, प्रत्येकाचा पगार 100 आहे आणि बजेट 5 टक्के आहे. म्हणजे मॅनेजरकडे वाटायला 40 आहेत. दोघांना 8 टक्के दिले की 16 गेले. उरलेल्या सहा जणांच्या वाट्याला सरासरी 4 टक्केच येतात. कुणाला जास्त द्यायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून काढावं लागतं. टीममधले सगळेच उत्तम असले तरी 40 चे 50 होत नाहीत.

दुसरी गोष्ट बँडची. प्रत्येक पदाला पगाराची किमान आणि कमाल मर्यादा असते आणि त्यांचा एक मध्य असतो. तुमचा पगार भागिले हा मध्य, याला कंपा-रेशो म्हणतात. बँड 80 ते 120 असेल तर मध्य 100. मग 84 पगार असलेल्याचा रेशो 0.84 आणि 116 वाल्याचा 1.16. बऱ्याच कंपन्यांत एक तक्ता असतो: एका बाजूला रेटिंग, दुसऱ्या बाजूला बँडमधली जागा. एकाच रेटिंगवर 0.84 वाल्याला 8 टक्के आणि 1.16 वाल्याला 4 टक्के मिळू शकतात. टक्के निम्मे दिसतात, पण रकमेत ते 6.72 आणि 4.64 होतात. ‘त्याच्याएवढंच रेटिंग, मग मला कमी का?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा इथेच असतं. बँडच्या कमाल मर्यादेला टेकलेल्यांना तर काही ठिकाणी मूळ पगारात वाढ न देता एकरकमी पैसे दिले जातात. ते पुढच्या वर्षीच्या वाढीच्या हिशेबात धरले जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

तुमचा बँड आणि त्यातली तुमची जागा एचआरला विचारा. काही कंपन्या थेट सांगतात, काही फक्त ‘खालचा, मधला की वरचा भाग’ एवढंच सांगतात, तेवढंही पुरतं.

आता कॅलिब्रेशन. खरी लढाई इथे होते आणि तुम्ही तिथे नसता. एकाच विभागातले मॅनेजर एकत्र बसतात, आपापली प्रस्तावित रेटिंग मांडतात आणि ती एकमेकांशी ताडून पाहिली जातात. हेतू चांगला आहे: एक मॅनेजर सढळ हाताने गुण देतो, दुसरा कंजुषी करतो, त्याचा फटका माणसांना बसू नये. पण बहुतेक ठिकाणी वरच्या रेटिंगचा कोटा ठरलेला असतो, म्हणून कुणाला तरी एक पायरी खाली आणावं लागतं. जॅक वेल्च प्रमुख होते त्या काळात जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीत 20-70-10 अशी वाटणी होती: वरचे 20 टक्के, मधले 70, आणि तळाचे 10, ज्यांना सहसा बाहेरचा रस्ता धरावा लागे. मायक्रोसॉफ्टने असं सक्तीचं वर्गीकरण 2013 मध्ये बंद केलं. अडोबीने तर 2012 मध्ये वार्षिक अप्रेझलच काढून टाकून वर्षभराच्या संवादावर भर दिला. रेटिंग नाही म्हणून वाटणी थांबत नाही, बरं का. मर्यादित रक्कम वाटायची म्हटलं की कुठेतरी क्रम लावावाच लागतो. नाव वेगळं असतं एवढंच.

या बैठकीत एकेका नावाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. ‘खूप मेहनती आहे, टीममध्ये सगळ्यांना मदत करतो’ या वाक्यावर कुणाचं रेटिंग टिकत नाही. टिकतं ते असं: ‘महिन्याचा रिपोर्ट काढायला 3 दिवस लागायचे, तो आता 4 तासांत निघतो, पद्धत हिने बसवली, आणि अजून दोन टीम ती वापरतात.’ आधी काय होतं, आता काय आहे, त्यात तुमचा हात किती, फायदा कुणाला झाला, या चारही गोष्टी दोन वाक्यांत आल्या पाहिजेत. अशी तीन-चार उदाहरणं तुम्हीच लिहून मॅनेजरला द्या. सेल्फ अप्रेझलचा उपयोग हाच. तो फॉर्म म्हणजे मॅनेजरच्या हातात दिलेलं तुमचं वकीलपत्र आहे, म्हणून शेवटच्या रात्री घाईघाईने भरू नका. स्वतःचं रेटिंग नम्रतेपोटी कमीही लावू नका. ‘त्यानेच तर मधलं रेटिंग घेतलंय’ म्हटलं की बाजू मांडणाऱ्याचं तोंड बंद होतं.

उदाहरणं मॅनेजरच्या हातात कॅलिब्रेशनच्या किमान चार ते सहा आठवडे आधी पोहोचायला हवीत. तारीख बहुधा एचआरच्या वेळापत्रकात असते, नसली तर सरळ विचारा. वर्षअखेरीस आठवायला बसलात तर शेवटच्या दोन महिन्यांचंच काम डोळ्यांसमोर येतं, मॅनेजरचंही तसंच होतं. दर महिन्याला दहा मिनिटं काढून चार ओळींची नोंद ठेवा आणि कौतुकाचे मेल एका फोल्डरमध्ये टाका.

घोळ होण्याच्या काही जागा ठरलेल्या आहेत. वर्षाच्या मध्यावर प्रोजेक्ट बदलतो, पण सिस्टिममधली उद्दिष्टं जुनीच राहतात. मग न केलेल्या कामावर मोजमाप होतं. बदल झाला त्याच आठवड्यात ती दुरुस्त करून मॅनेजरची मंजुरी घ्या. मॅनेजरच बदलला तर जाणाऱ्याकडून तेवढ्या महिन्यांचा लेखी अभिप्राय मागून घ्या; नव्या माणसाला तुमचं आधीचं काम दिसलेलंच नसतं. उशिरा रुजू झालेल्यांची वाढ सहसा महिन्यांच्या प्रमाणात मिळते: 6 टक्के ठरले आणि 7 महिनेच भरले तर 3.5 टक्के. ठरावीक तारखेनंतर आलेल्यांना त्या वर्षी काहीच मिळत नाही, म्हणून ऑफर घेतानाच ती तारीख विचारून ठेवावी.

बढतीचं बजेट बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. बढतीनंतर पहिल्या वर्षी रेटिंग घसरलं तर घाबरू नका. तेच काम आता वरच्या पदाच्या अपेक्षांवर मोजलं जातं, म्हणून असं बरेचदा होतं.

आकडा कळल्यावर दोन हिशेब करा. वाढ 6 टक्के आणि महागाई 5 टक्के असेल तर खरी वाढ 1.06 भागिले 1.05, म्हणजे जेमतेम 0.95 टक्का. आणि दरवर्षी 3 टक्के मिळाले तर 100 चे दहा वर्षांत 134 होतात, 5 टक्क्यांनी 163. म्हणूनच बोनसपेक्षा मूळ पगारातल्या वाढीसाठी जास्त आग्रह धरावा असं माझं ठाम मत आहे.

आकडा कमी वाटला तर रेटिंग बदलून मागण्यात सहसा हाती काही लागत नाही. त्याऐवजी मॅनेजरला दोन गोष्टी विचारा: वर्षाच्या मध्ये पगारदुरुस्तीचं बजेट असतं का, आणि पुढच्या पायरीसाठी नेमकं कोणतं काम दिसायला हवं. उत्तरं त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. नव्याने आलेल्यांचा पगार तुमच्या पुढे गेला असेल, तर बाजारभावाशी जुळवून घेण्याची मागणी रेटिंगशी न जोडता स्वतंत्रपणे करा. ते पैसे बहुधा वेगळ्या खिशातून येतात.

पत्र हातात आलं की वाढ कोणत्या तारखेपासून लागू आहे, मागची थकबाकी कधी मिळणार, आणि मूळ पगार व व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमीजास्त मिळणारा भाग) यांचं प्रमाण बदललंय का, हे तपासा. एकूण पॅकेज वाढलेलं दिसतं, पण वाढ सगळी व्हेरिएबलमध्ये असते, असंही घडतं. पहिल्या पगारात फरक आढळला तर पुढच्या महिन्याचं पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब, बंद होण्याआधी लेखी कळवा, म्हणजे तो त्याच फेरीत दुरुस्त होऊ शकतो.