चौकोनी प्रवासी

संध्याकाळी सीएसएमटीला गाडी लागते तेव्हा धडपड केली की खिडकी नाही तरी खिडकीशेजारची जागा मिळते, आणि डोंबिवलीपर्यंतचा वेळ माझा असतो. सकाळचा प्रश्नच नाही. सकाळी हात वर असेल तर वर आणि खाली असेल तर खाली राहतो, मोबाइल काढणार कुठून. परतीच्या त्या वेळात गेले दोन महिने मी एक अजब उद्योग करतोय. लोकलमध्ये बसून गाड्या चालवतोय.

गेमचं नाव ‘मिनी मेट्रो’. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या कंपनीने २०१५ मध्ये काढलेला. कोऱ्या पडद्यावर नदीचा एक पट्टा आणि गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं. बोटाने रेघ ओढून ती जोडत जायचं. प्रवासीही तसेच. एक बारकासा चौकोन त्रिकोणाच्या स्टेशनवर येऊन उभा राहतो, त्याला कुठल्या तरी चौकोनाला जायचं असतं. कुठल्या तरी! अमुकच स्टेशन हवं असा हट्ट नाही. आपल्याकडे अशी माणसं असती तर ठाण्याला काम असलेला माणूस कळव्यालाही खुशीने उतरला असता.

गेममध्ये बऱ्याच शहरांचे नकाशे आहेत, त्यात मुंबईही आहे. मी अर्थातच आधी तीच उघडली आणि अर्थातच बुडवली. लंडन त्या मानाने बरं. तिथे एका गाडीत ६ जण मावतात. दर रविवारी एक नवीन इंजिन मिळतं आणि वर जादा डबा, नवी लाइन, बोगदा यांतलं काहीतरी निवडायला सांगतात. दर रविवारी! आपल्याला रविवारी मेगाब्लॉक मिळतो.

पण खरी गंमत हरताना येते. स्टेशनवर ६ पेक्षा जास्त जण ताटकळले की त्याच्याभोवती एक कडं हळूहळू भरू लागतं. ते पुरतं भरलं की खेळ खलास. या स्टेशनवरच्या गर्दीमुळे तुमची मेट्रो बंद करावी लागली, असं अदबीने कळवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दिव्याच्या आसपास होतो आणि दारात लटकलेल्यांना आणखी चौघे आत ढकलत होते. आपल्या रेल्वेने यासाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दच करून ठेवलाय: एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं. गेममधल्या सातव्या चौकोनाला मात्र कुणी ‘अंदर चलो, अंदर बहोत जगा है’ म्हणत नाही. गेम बनवणाऱ्यांनी सगळा विचार केलाय, फक्त सरकून घेण्याचा केलेला नाही.

मारामारीच्या गेमकडे मी फिरकत नाही. लहानपणी टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवर ‘कॉन्ट्रा’ खेळायचो, तेही ३० लाइफ, म्हणजे तीसदा मरायची मुभा घेऊन. आता बोटं तेवढी ऐकत नाहीत.

घरी आलं की शेती. भाच्याने लॅपटॉपवर ‘स्टारड्यू व्हॅली’ टाकून दिलाय. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून तो बनवला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. २०१६ मध्ये आला. कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जायचं, अशी गोष्ट. नोकरी सोडायचा भाग मी फार मन लावून खेळलो.

आमच्या तात्यांनी निफाडला तीस वर्षं कांदा केला. आता माझ्याकडे असतात, आणि मी लॅपटॉप उघडला की चष्मा लावून शेजारी खुर्ची ओढतात. पहिल्या दिवशी विचारलं, “हे काय लावलंस?”

“पार्स्निप, गाजरासारखं पांढरं कंदमूळ. २० ला बी, ४ दिवसांत तयार, ३५ ला विकतो.”

“आणि गावभर सगळ्यांनी हेच लावलं तर?”

मी म्हटलं, इथे भाव पडतच नाही. दहा विका नाहीतर हजार विका, ३५ म्हणजे ३५. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग ही शेती कसली? ही तर पगारी नोकरी झाली.” लासलगावच्या बाजारात सकाळचा भाव दुपारी राहत नाही हे ज्याने बघितलंय, त्याच्याशी कोण वाद घालणार.

तरी उठून गेले नाहीत. गेममध्ये प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू बदलला की उभं पीक एका रात्रीत मरतं. मी २० तारखेला फ्लॉवर लावत होतो. तात्यांनी विचारलं, किती दिवसांचा? म्हटलं, १२. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “लाव, लाव.” उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी सगळा प्लॉट वाळून कोळ झालेला. तात्या इतके खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

आता रोज रात्री जेवण झालं की विचारतात, “तिकडे उद्या पाऊस आहे का?” गेममधल्या घरात एक टीव्ही आहे, त्यावर दुसऱ्या दिवसाचं हवामान सांगतात. ते ऐकल्याशिवाय झोपायला जात नाहीत. परवा म्हणाले, या टीव्हीवाल्याला आपल्याकडे आणता येईल का बघ.